कंदीलवेलीची फिर्याद

ती रिकामी कुंडी अजूनही अधूनमधून माझ्या डोळ्यांसमोर येते. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, सख्ख्या भावांनी एकमेकांवर केलेल्या फिर्यादी पाहिल्या. त्यातलं बरंचसं आता आठवावं लागतं. ही तर साधी चोरी होती, तीही एका झाडाची. पण ती चोरी होती की नव्हती, हेच मला आज छातीठोकपणे सांगता येत नाही. म्हणून कदाचित ती विसरता येत नसावी.

माणसांची नावं देणार नाही, गावाचंही नको. बुलडाणा जिल्ह्यात, अमडापूर-खामगावच्या पट्ट्यात, डोंगराच्या पायथ्याशी बाजाराचं एक मोठं गाव आहे आणि तिथं मी ठाणेदार होतो, एवढं पुरे. हद्दीत सोयाबीन आणि कापसाची शेती, आणि वरच्या अंगाला अभयारण्याचा एक कोपरा. त्या कोपऱ्याशी आमचा संबंध फारसा यायचा नाही. जंगल वन विभागाचं, गाव आमचं, अशी सरळ वाटणी होती.

पोळा नुकताच झाला होता. गणपतीच्या बंदोबस्ताची तयारी चालू होती. मंडळांचे परवाने, मिरवणुकीचे मार्ग, शांतता समितीची बैठक यात सगळं ठाणं गुंतलेलं. अशाच एका सकाळी ठाणे अंमलदार म्हणून बसलेले आमचे जमादार आत आले. चेहरा गंभीर ठेवायचा त्यांचा प्रयत्न दिसत होता.

"साहेब, डॉक्टरसाहेब आले. चोरीची फिर्याद द्याची म्हणतात."

"काय गेलं?"

"झाड."

डॉक्टर म्हणजे गुरांचे डॉक्टर, सेवानिवृत्त. पत्नी वारलेली, मुलगी लग्न होऊन संभाजीनगरला. पंचक्रोशीत असा गोठा नसेल जिथं या माणसानं रात्री-अपरात्री जाऊन अडलेली गाय सोडवली नाही. त्यांना ठाण्यात येताना मी कधी पाहिलं नव्हतं. आत आले, खुर्चीवर बसले आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"काय गेलं डॉक्टर?"

"वेल. छोटी वेल आहे. खाली कंद असतो."

"कसली वेल?"

ते टेबलाकडे पाहत म्हणाले, "शोभेची."

"किंमत काय धरायची?"

"किंमत नाही सांगता येणार."

मागून जमादार हळूच म्हणाले, "गिलक्याचा वेल तं नसंन साहेब?" मी त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा ते बाहेर गेले. पण मलाही तोच प्रश्न पडला होता. ज्या माणसाचं सोनंनाणं गेलं तो आरडाओरडा करतो. हा माणूस आवाज न करता आतून मोडला होता, आणि काय गेलं ते धड सांगत नव्हता. माझ्या अनुभवात असं दोनच कारणांनी होतं. एक, वस्तूच चोरीची असते. दुसरं, चोर घरातला असतो.

आम्ही घटनास्थळी गेलो. बाहेरच्या अंगाला जिना, वर गच्ची, गच्चीवर हिरवी जाळी, आणि जाळीखाली ओळीनं कुंड्या. मला वाटलं होतं गुलाब-शेवंती असेल. तसलं तिथं काहीच नव्हतं. बारीक वेली, काठ्यांना गुंडाळलेल्या. काहींना चमत्कारिक फुलं. खाली फुगीर, मध्ये नळी, वर पाकळ्या टोकाशी जुळलेल्या, जणू कोणी बोटभर कंदील टांगून ठेवला आहे.

"याला कंदीलफूल म्हणतात," डॉक्टर म्हणाले. "याच्या कितीतरी जाती आहेत. लोक देशभर हौसेनं वाढवतात. आमचा ग्रुप आहे मोबाईलवर."

जमादार एका कुंडीवर वाकले. "अरे! हे तं आमी लहानपनी ढोरं चारतानी उकरून खाओ साहेब. कंद गोड लागते."

डॉक्टरांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की जमादार दोन पावलं मागं सरकले.

"तुम्ही खाल्ली ती साधी जात," डॉक्टर म्हणाले. "गेली ती नाही. ती जात या भागात एकाच उतारावर होती. दुसरीकडे मला कुठं दिसली नाही."

कोपऱ्यात ती कुंडी होती. कुंडी जागची हललेली नव्हती. माती नीट उकरून कंद काढलेला आणि माती पुन्हा सारखी करून ठेवलेली. आजूबाजूच्या एकाही कुंडीला धक्का नव्हता. पंचनामा केला, फिर्याद घेतली, चोरीचा गुन्हा अज्ञात इसमाविरुद्ध दाखल झाला. डॉक्टर आठवडाभर लेकीकडे गेले असताना हे घडलं, एवढीच माहिती हातात होती.

त्याच दिवशी दुपारी ठाण्यात फोन आला. आवाज वयस्क माणसाचा, दबलेला.

"डॉक्टरची फिर्याद घेतली म्हनते तुमी. त्याले एक ईचारा. ते झाड त्यानं आनलं कुठून?"

"तुम्ही कोण बोलता?"

"म्या कोन हाये ते राहू द्या. अभयारण्यातून काढलं त्यानं. आन् त्याचे पिल्लं डब्यात भरू भरू सगळ्या देशात धाडून राह्यला. चोर कोन, ते आधी ठरवा साहेब."

फोन बंद झाला.

खबर मिळाली की ती पडताळावी लागते. मी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना फोन केला. त्या तरुण होत्या, नवीनच आलेल्या. त्यांना सगळे मॅडम म्हणायचे. संध्याकाळी त्या ठाण्यात आल्या. मी फुलाचं वर्णन करायला लागलो तर त्यांनी मोबाईलवर फोटोच दाखवला.

"हेच का?"

"हेच असेल. मला सगळी सारखीच दिसतात."

"या जातीचं एकच झाड आमच्या नोंदीत होतं. दोन पावसाळ्यांपूर्वी वनरक्षक गेला तेव्हा तिथं खड्डा होता. साळिंदरानं उकरलं असेल असं आम्ही धरलं."

मी त्यांना विचारलं की घरी असं झाड ठेवणं गुन्हा आहे का. त्यांनी समजावून सांगितलं, आणि मी जास्तच गोंधळलो. अभयारण्यातून पानही तोडता येत नाही, कंद तर दूरच. तो गुन्हा. पण त्याच झाडाचं बी रीतसर मिळालं आणि घरी रुजवलं, तर ते झाड वेगळं. काही जाती कायद्याच्या यादीत आहेत, त्यांना परवाना लागतो, काही नाहीत. देशाबाहेर पाठवायचं तर नियम आणखी वेगळे.

"मग जंगलातलं कोणतं आणि घरी रुजवलेलं कोणतं, हे ओळखायचं कसं?" मी विचारलं.

"कधीकधी मुळांवरून कळतं. बरेचदा नाही कळत," मॅडम म्हणाल्या. "म्हणून तर हे चालतं."

माझ्या फिर्यादीचा आता वेगळाच घोळ झाला होता. वस्तू गेली ती फिर्यादीची होती की सरकारची? सरकारची असेल तर फिर्यादी स्वतःच आरोपी. आणि मग ज्यानं त्याच्याकडून नेली, त्याला काय म्हणायचं?

मी डॉक्टरांना पुन्हा बोलावलं. चहा मागवला. सरळ विचारलं, "झाड जंगलातून काढलं का?"

"बियांपासून केलं," ते लगेच म्हणाले. इतक्या लगेच की मी पुढचा प्रश्न तिथं विचारलाच नाही. माणूस तयार उत्तर देतो तेव्हा त्याला त्या उत्तराच्या बाजूनं न्यावं, समोरून ढकलू नये. मी लेकीची चौकशी केली, नातवंडांची केली. बोलता बोलता खिडकीतून बाहेर पाहिलं. पोळ्याच्या कितीतरी आधीपासून पावसानं दडी मारली होती. ठाण्यासमोरच्या शेतातलं सोयाबीन माना टाकून उभं होतं. आणि तेव्हा माझ्या डोक्यात आलं.

"डॉक्टर, तुम्ही गावाला होता तेव्हा झाडांना पाणी कोण घालत होतं?"

"कोणी नाही. म्हटलं, पाऊस येईल."

"पाऊस आला नाही. आणि तुमच्या गच्चीवर एक पान सुकलेलं नव्हतं. मी स्वतः पाहिलं."

त्यांनी कप खाली ठेवला. मला वाटतं, हे त्यांच्या आधीच लक्षात आलं होतं; फक्त कोणी बोलू नये अशी त्यांची इच्छा होती.

चोर येतो, हवं ते उचलतो, निघून जातो. हा माणूस मात्र आला, एक कंद काढला आणि बाकीच्या सगळ्या झाडांना पाणी घालून गेला. कदाचित पुन्हा पुन्हा येऊन घालत राहिला. असा चोर माझ्या नोकरीत दुसरा झाला नाही.

"पूर्वी पाणी कोण घालायचं?" मी विचारलं.

कपाची कड बोटानं पुसत ते म्हणाले, "माझा एक मित्र होता."

तो मित्र म्हणजे एसटीतला सेवानिवृत्त ड्रायव्हर. मेहकरच्या गाडीवर उभं आयुष्य गेलं. डॉक्टरांच्या गल्लीच्या पलीकडच्या वस्तीत घर. मी जमादारांना पाठवलं आणि सांगून ठेवलं, गाडी घेऊन जाऊ नका, चालत जा आणि चालत घेऊन या. ड्रायव्हर आले ते धुतलेला शर्ट घालून, केस विंचरून. जणू बोलावण्याची वाटच पाहत होते.

"जय भीम साहेब," म्हणून समोर उभे राहिले. बसा म्हटल्यावर बसले.

आवाज तोच होता, फोनवरचा. मी ते बोललो नाही.

"डॉक्टरांच्या गच्चीवर तुम्ही गेला होता?"

"हाव."

"झाड नेलं?"

"हाव. म्याच नेलं."

मी कागद पुढं ओढला. इतकं सोपं उत्तर मिळालं की चौकशी अधिकाऱ्याला उगाच भीती वाटते.

"कुठं आहे ते?"

"जथलं होतं तथी."

"म्हणजे?"

"डोंगरावर. परत लावलं म्या ते साहेब. पाऊस नव्हता तं रोज कॅन भरून पानी नेत होतो वरती. जगलं हाये."

जमादार लिहिता लिहिता थांबले. मीही थांबलो. चोरीच्या कलमात अप्रामाणिक हेतू लागतो. ज्या माणसानं वस्तू उचलून तिच्या मूळ जागी नेऊन ठेवली, तिला पाणी पाजलं, त्याचा हेतू काय म्हणायचा? आणि डॉक्टरांच्या ताब्यातून त्यांना न विचारता नेली, हेही खरंच.

"जागा दाखवा," मी म्हणालो. "मुद्देमाल जप्त करावा लागेल."

ड्रायव्हरनी मान हलवली. "नाई दाखवत. तुमच्या कागदावर जागा आली का ते कोर्टात जाईन, वकिलाकडं जाईन, मंग मोबाईलवर जाईन. हौशी लोक हातात खुरपं घेऊन येतीन. एक कंद राह्यत नाही तथी. मले आत टाकाचं तं टाका."

मी मॅडमना फोन लावला. मुद्देमाल डोंगरावर आहे, काढून आणायचा आहे, असं सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "साहेब, ती जागा अभयारण्यात असेल आणि तुम्ही ते झाड मुळासकट काढलंत, तर मला तुमच्यावर गुन्हा नोंदवावा लागेल."

त्या चेष्टा करत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी मी दोघांना समोरासमोर बसवलं. मॅडमही आल्या. समोरासमोरच्या चौकशीत माणसं सहसा एकमेकांकडे पाहत नाहीत, अधिकाऱ्याकडे पाहून बोलतात. हे दोघं मात्र पहिल्यापासून एकमेकांकडेच पाहत होते आणि आम्ही तिथं नसल्यासारखं बोलत होते.

"अबे, मले विचारायचं तरी होतं," डॉक्टर म्हणाले. एरवी शुद्ध बोलणारा माणूस, पण मित्रासमोर भाषा बदलली.

"ईचारलं नाही काय? दर पोळ्याले ईचारलं. कधी नेतो, कधी नेतो. तू म्हनला पुढच्या साली. पुढच्या साली म्हनला पुढच्या."

"तिथं जेसीबी चालू होता, माहीत नाही का तुले? मुरूम काढत काढत उताराच्या पायथ्याले येऊन राह्यले होते. म्या नसतं काढलं तं ट्रकमधे गेलं असतं ते. माझ्याजवळ जगलं. फुललं. शेंगा धरल्या त्यानं."

"हाव, धरल्या. त्या शेंगाचं बी कुठी गेलं? डोंगरावर गेलं काय? कुरियरनं गेलं."

डॉक्टर माझ्याकडे वळले आणि पुन्हा शुद्ध बोलायला लागले. "साहेब, एकाच जागी असलेलं झाड एका बकरीनं संपतं. दहा गावी, शंभर घरी असलं तर संपत नाही. मी पाठवली ती रोपं, ती जात टिकावी म्हणून पाठवली. हा माणूस म्हणतो मी धंदा केला. याला विचारा, माझ्यासोबत डोंगरात किती वर्षं हिंडला आहे."

"धंदा म्हन्लंच नाही म्या," ड्रायव्हर म्हणाले. "म्या म्हन्लं, तुले ते लोक वा वा करतात. फोटो पाहून वा वा करतात. त्याच्यापायी तू इसरला का ते आपलं नाही."

मॅडमनी विचारलं की मुरमाचं खोदकाम तिथवर खरंच आलं होतं का. डॉक्टर म्हणाले, आलं होतं. ड्रायव्हर म्हणाले, अलीकडंच थांबलं होतं. मॅडमनी नोंदी काढायला लावल्या. पायथ्याला मुरूम गेला होता हे खरं होतं, आणि उतार शाबूत होता हेही. खोदणारे थांबले तेव्हा झाड आधीच निघालेलं होतं. ते तिथं राहिलं असतं तर वाचलं असतं की नाही, हे आता कोणालाच सांगता येणार नव्हतं. शिवाय उताराची एक बाजू अभयारण्यात, दुसरी ई-क्लास म्हणजे सरकारी गायरान. हद्दीचा दगड पडलेला. खड्डा कोणत्या बाजूला होता, यावर वनरक्षक एक सांगायचा आणि नकाशा दुसरं.

मी नोकरीत गोंधळलो नाही असं नाही, पण सहसा गोंधळ एका बाजूनं असतो: कोणीतरी खोटं बोलत असतो आणि तो कोण हे शोधायचं असतं. इथं दोघंही खरं बोलत होते असं मला वाटत होतं, आणि तरी दोघांचं मिळून एक खरं होत नव्हतं.

शेवटी ड्रायव्हर एका अटीवर जागा दाखवायला तयार झाले. नेमकं ठिकाण फक्त मॅडमनी आपल्याजवळ ठेवायचं, माझ्या कागदावर नुसता उतार लिहायचा. अशी अट पोलीस मान्य करत नाहीत. मी म्हणालो, आधी जाऊन पाहू, मग ठरवू.

मध्ये गणपती आले. बंदोबस्तात सगळे दिवस गेले. विसर्जनाच्या सुमारास पाऊस परतला आणि असा कोसळला की ओढ्यांना पूर आले. पाऊस ओसरल्यावर आम्ही निघालो. मी, जमादार, मॅडम, दोन पंच आणि हे दोघं. सकाळचं ऊन होतं. खाली शेतांत सोयाबीन पिवळं पडायला लागलं होतं. डॉक्टरांना गुडघ्याचा त्रास, त्यामुळे सगळे त्यांच्या चालीनं चढत होते. ड्रायव्हर पुढं होते, पण थोडं अंतर गेलं की थांबायचे, मागं न पाहता उभे राहायचे, पावलं जवळ आली की पुन्हा चालायला लागायचे.

उतारावर पोचलो. गवत कमरेएवढं झालेलं, मधूनमधून बोरीची झुडपं. ड्रायव्हर एका झुडपापाशी थांबले. खाली वाकले. मग उठून शेजारच्या झुडपाकडे गेले. तिथंही वाकले.

"काय झालं?" मी विचारलं.

"तीन दगडं ठेवले होते म्या. खूण म्हनून." ते इकडेतिकडे पाहत होते. पावसानं उताराची माती सरकली होती. दगड सगळीकडेच होते.

मॅडमनी गवत बाजूला केलं आणि एकदम "थांबा, पाय नका टाकू," म्हणाल्या. बोरीच्या काटेरी फांदीला गुंडाळून एक बारीक वेल वर चढली होती. तिला एकच फूल होतं, हिरवट, वर तपकिरी टोक. आम्ही सगळे खाली बसलो. मग जमादार हळू आवाजात म्हणाले, "साहेब, अठीबी हाये एक."

आणि थोडं पलीकडे आणखी एक. तिला फूल नव्हतं, पण पानं तशीच. मग वरच्या अंगाला आणखी.

मॅडमचा चेहरा मी विसरणार नाही. ज्या जातीचं शेवटचं झाड गेलं असं त्यांच्या खात्यानं धरलं होतं, ती इथं गवतात उभी होती. डॉक्टर म्हणाले, याचं बी रुईच्या म्हातारीसारखं वाऱ्यावर उडतं. त्यांनी कंद काढला त्याच्या आधीच शेंगा फुटल्या असणार. बी कुठं कुठं पडलं असेल, रुजलं असेल, आणि फूल नसताना गवतात ते कोणाच्या नजरेला पडणार?

"बरं," मी म्हणालो, "यातलं तुम्ही लावलेलं कोणतं?"

ड्रायव्हर पहिल्या वेलीकडे गेले. मग दुसरीकडे. हात पुढं केला आणि मागं घेतला. त्यांचे डोळे भरून आले होते. "हे असंन. नाही... मले वाटते ते. रोज येत होतो साहेब म्या. रोज. आता समजून नाही राह्यलं."

पंचांपैकी एकानं विचारलं, "मग लिहायचं काय?"

मी डॉक्टरांकडे वळलो. या जातीला त्यांच्याइतकं जवळून कोणी पाहिलं नव्हतं. ज्या वेलीची त्यांनी पानं पुसली, आधाराच्या काठ्या बदलल्या, ती ते ओळखणार याबद्दल मला शंका नव्हती. "डॉक्टर, फिर्यादी म्हणून तुम्ही ओळख पटवायची आहे. तुमची वेल कोणती?"

ते काठी टेकत पुढं आले. पहिल्या वेलीजवळ गुडघा दाबत खाली बसले. पान उलटं करून पाहिलं. खोडाच्या बुडाशी बोट नेलं, माती थोडी बाजूला केली, पुन्हा लोटली. दुसरीजवळ गेले. तिथं जरा जास्त वेळ बसले. एका पानावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. मग तिसरी. वरची. ड्रायव्हर त्यांच्याकडे पाहत होते.

डॉक्टर उठले. पँटीची माती झटकली. म्हणाले, "साहेब, यातलं माझं एकही नाही."

मी पुन्हा विचारलं. पंचांसमक्ष विचारलं.

"एकही नाही," ते म्हणाले.

पंचनाम्यात तसंच लिहिलं गेलं. मुद्देमालाची ओळख पटली नाही, म्हणून जप्ती नाही. जप्ती नाही, म्हणून नेमकी जागा लिहायचीही गरज उरली नाही. मॅडमनी मोबाईलवर स्वतःपुरती खूण करून घेतली आणि वनरक्षकाला तिथं फेरी लावायची ताकीद दिली.

उतरताना एका घसरड्या जागी डॉक्टर अडले. ड्रायव्हरनी काही न बोलता हात पुढं केला. डॉक्टरांनी तो धरला. खाली सपाटीला लागल्यावर दोघांनी हात सोडले. डॉक्टर माझ्या जीपमध्ये बसले. ड्रायव्हर म्हणाले, म्या पायीच जातो, आणि शेताच्या धुऱ्यानं, बांधाबांधानं निघून गेले.

गुन्ह्याचा तपास बंद करण्यासाठी मी कोर्टाला 'क' समरी पाठवली. खरी फिर्याद असून आरोपी सापडला नाही तर 'अ', फिर्याद खोटी निघाली तर 'ब'. खरीही म्हणता येत नाही आणि खोटीही म्हणता येत नाही, गैरसमजातून झाली, अशा वेळी 'क'. कोर्टानं ती मंजूर केली. वन विभागानं डॉक्टरांची वेगळी चौकशी केली; गच्चीवरची बाकीची झाडं तपासली, त्यांतली काही रोपं आपल्या रोपवाटिकेसाठी मागून घेतली, आणि परवानगीशिवाय एक रोपही बाहेर जाणार नाही असं डॉक्टरांकडून लिहून घेतलं. कंद उकरल्याचा गुन्हा मात्र उभा राहू शकला नाही. खड्डा कुठला, वेल कोणती, काहीच सिद्ध होत नव्हतं.

हे मला नंतर, कागद पुढं गेल्यावर उमजलं. 'यातलं माझं एकही नाही' या एका वाक्यानं ड्रायव्हर चोरीतून सुटले, तसे डॉक्टर स्वतःही वन कायद्यातून सुटले. 'ही माझी' असं ते म्हणाले असते तर मित्र आरोपी झाला असता आणि ती वेल इथूनच आणली का, हा मॅडमचा पुढचा प्रश्न ठरलेला होता. मग ते वाक्य त्यांनी कोणासाठी म्हटलं? मित्रासाठी, स्वतःसाठी, की त्या डोंगरासाठी? की खरंच त्यांना ओळखता आलं नाही? दुसऱ्या वेलीजवळ ते जास्त वेळ का बसले?

पुढच्या उन्हाळ्यात माझी बदली झाली. डॉक्टर निरोप द्यायला आले होते. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. मी म्हणालो, "आता मी तपास अधिकारी नाही. आता तरी सांगा. ओळखलं होतं ना?"

त्यांनी मला विचारलं, "पंचनाम्यात काय लिहिलं आहे?"

"एकही नाही, असं."

"मग तेच खरं," ते म्हणाले, आणि उठले. दाराशी थांबून एवढंच म्हणाले की पोळ्यानंतर वर जाणार आहेत, गुडघा साथ देईल असं वाटतं. एकटे जाणार की कोणासोबत, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

तपास म्हणजे वस्तू कोणाची, हे ठरवण्याचं काम आहे असं मी नोकरीभर मानत आलो. ते एकदा ठरलं की चोर कोण हे आपोआप ठरतं. त्या डोंगरावर मला कळलं की हा प्रश्न प्रत्येक वस्तूला लागू पडत नाही. मग अशा वेळी कोणता प्रश्न विचारायचा असतो? ते मात्र मला कोणी शिकवलं नाही, आणि निवृत्त झालो तरी सापडलेलं नाही.

तरी एक सांगतो. त्या गुन्ह्याचा तपास माझ्या हातून पुरा झाला नाही याचं मला कधी वाईट वाटलं नाही.